पायांना मुंग्या येतात? मज्जातंतूंचं म्हणणं ऐकून घ्या

"पायाला मुंग्या आल्या गं!" हे वाक्य आपल्या घरात कुणी ना कुणी रोज म्हणतंच. पूजेला तासभर मांडी घालून बसलं, पापड लाटायला खाली बसलं किंवा एस.टी.त झोपलेल्या मुलाला मांडीवर घेऊन दोन तास प्रवास केला, की उठताना पाय आपला राहत नाही. आपण पाय झटकतो, चोळतो, चार पावलं लंगडतो आणि दोन मिनिटांत सारं पूर्ववत होतं. या मुंग्यांची काळजी करण्याचं कारण नाही.

पण मुंग्यांचा आणखी एक प्रकार असतो. या मुंग्या बसल्यामुळे येत नाहीत आणि उठल्यावर जात नाहीत. त्या दोन्ही पायांना येतात, बोटांपासून सुरू होतात आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. आणि आपण बायका काय करतो? "दिवसभर ओट्याशी उभं राहून होत असेल," "वय झालं आता," असं म्हणून तळपायाला तेल चोळतो आणि झोपतो. डॉक्टरांकडे जायची वेळ येते ती बऱ्याच उशिरा.

मैत्रिणींनो, या दोन मुंग्यांमधला फरक नीट कळायचा, तर आपल्या अंगात पसरलेलं मज्जातंतूंचं जाळं कशाचं बनलं आहे आणि ते काम कसं करतं, हे थोडं समजून घ्यायला हवं. विषय रुक्ष वाटेल म्हणून पान उलटू नका. मी शाळेत अर्धवेळ शिकवते आणि उरलेला वेळ स्वयंपाकघरात असते, त्यामुळे उदाहरणं आपल्या ओट्यावरचीच घेणार आहे.

पातीचा कांदा हातात घ्या

एकाच कामाला जुंपलेल्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. मुलांच्या पुस्तकात त्वचेची, स्नायूंची अशा ऊतींबरोबर 'चेता ऊती'चाही धडा असतो. मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि तिथून साऱ्या अंगभर गेलेले मज्जातंतू, हे सगळं या ऊतीचंच बनलेलं. तिच्यातली मुख्य पेशी म्हणजे चेतापेशी, म्हणजेच मज्जापेशी.

ही पेशी दिसते कशी? बाजारातून आणलेल्या जुडीतला एक पातीचा कांदा मुळांसकट हातात घ्या. पांढरा कांदा म्हणजे पेशीचं शरीर. पेशीला लागणारा सगळा माल तिथे तयार होतो. खालची बारीक मुळं म्हणजे 'वृक्षिका'. त्या आजूबाजूचे निरोप गोळा करतात. आणि वर गेलेली लांब पात म्हणजे 'अक्षतंतू'. तो निरोप पुढे पोचवतो. फरक इतकाच, की ही पात कधीकधी फार म्हणजे फारच लांब असते. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या पेशीचं शरीर कमरेच्या आसपास मणक्यात किंवा मणक्यालगत असतं आणि तिचा तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत पोचतो. म्हणजे लांबी जवळजवळ १ मीटर, आणि जाडी केसापेक्षाही कितीतरी कमी.

अशा किती पेशी? २००९ साली ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी मोजदाद करून सांगितलं, की माणसाच्या एकट्या मेंदूत सरासरी ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. आणि त्यांची उस्तवार करणाऱ्या साहाय्यक पेशीही साधारण तेवढ्याच. या साहाय्यक पेशींकडे आपण पुढे वळणारच आहोत, कारण मुंग्यांची गोष्ट त्यांच्याशी जोडलेली आहे.

ही पेशी पहिल्यांदा पूर्ण, मुळापासून टोकापर्यंत दिसली त्याची हकिगत आपल्याला आवडण्याजोगी आहे. कामिल्लो गोल्जी हा इटलीतला डॉक्टर मिलानजवळच्या अबियातेग्रासो गावच्या रुग्णालयात नोकरीला होता. प्रयोगशाळा नव्हती, म्हणून त्याने तिथल्या स्वयंपाकघरातच आपली मांडामांड केली. १८७३ साली त्याने चांदीचा क्षार वापरून मेंदूच्या चकत्या रंगवण्याची रीत शोधली. मोजक्याच पेशी काळ्याभोर होत, पण त्या सगळ्या फांद्यांसह उठून दिसत. पुढे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल याने हीच रीत वापरून १८८८ साली दाखवलं, की मज्जासंस्था म्हणजे एकसंध विणलेलं जाळं नाही. प्रत्येक पेशी सुटी आहे. गोल्जीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. १९०६ सालचं नोबेल मात्र दोघांना मिळून मिळालं!

काहालचं म्हणणं खरं ठरलं. दोन पेशींच्या मध्ये फट असते, आणि ती इतकी अरुंद, की १ मिलिमीटरचे ५० हजार भाग केले तर त्यातला एक. पातीच्या टोकाशी निरोप आला, की तिथून रसायनाचे थेंब सुटतात, ते फट ओलांडतात आणि पलीकडच्या पेशीला जागं करतात. आपल्या आठवणी, हालचाली, चव, वास, राग, सगळं या देवघेवीवर चालतं.

निरोप जातो कसा?

मज्जातंतूंतून वीज वाहते असं आपण म्हणतो, पण ती आपल्या भिंतीतल्या तारेसारखी वाहत नाही. पेशीच्या बाहेर सोडियम जास्त असतं (तेच, जे आपल्या मिठात असतं) आणि आत पोटॅशियम जास्त. त्यामुळे पेशीच्या आतबाहेर विजेचा किंचित दाब तयार होतो. टॉर्चच्या एका सेलच्या साधारण विसाव्या भागाएवढा. निरोप आला, की तंतूच्या भिंतीतली दारं उघडतात, सोडियम आत शिरतं, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. विहिरीपासून घरापर्यंत बायकांनी रांग धरावी आणि घागर हातोहात पुढे द्यावी, तसं हे चालतं. घागर पोचते, बाई जागेवरच असते.

पण रांग लांब असली तर या पद्धतीला वेळ लागतो. उघड्या, बारीक तंतूतून निरोप सेकंदाला साधारण १ मीटरच जातो. म्हणून बऱ्याच तंतूंना निसर्गाने एक वेष्टण दिलं आहे. याला मायलिन म्हणतात. साहाय्यक पेशी तंतूभोवती स्वतःला गुंडाळून घेते, घड्यांवर घड्या, अगदी अळूवडीच्या उंड्यासारखी. हे वेष्टण स्निग्ध पदार्थांनी भरलेलं असतं. त्याच्या सुक्या वजनात सुमारे ७० टक्के स्निग्धांश असतो. मेंदूच्या आतल्या भागाचा पांढरेपणा याच्यामुळेच. साधारण मिलिमीटरभर अंतरावर दोन उंड्यांमध्ये बारीकशी उघडी जागा राहते आणि निरोप एका उघड्या जागेवरून दुसरीवर टुणटुण उड्या मारत जातो. असा वेष्टित, जाड तंतू सेकंदाला १०० मीटरहूनही जास्त वेगाने निरोप नेतो.

याची प्रचीती तुम्ही कितीदा तरी घेतली आहे. तापलेल्या तव्याला चुकून बोट लागलं, की हात आधी मागे येतो; तो हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो, मेंदूला विचारत बसत नाही. लगेच एक तीक्ष्ण चटका जाणवतो. तो वेष्टित तंतूंनी आणलेला. आणि सेकंदभराने येते ती रेंगाळणारी आग. ती उघड्या, संथ तंतूंची.

आता आपल्या साध्या मुंग्या. मांडी घातल्यावर पायाकडे जाणारा मज्जातंतू आणि त्याचा रक्तपुरवठा दाबला जातो. निरोप अडतात, पाय बधिर होतो. दाब गेला, की तंतू पुन्हा कामाला लागतात, पण सुरुवातीला वेडेवाकडे, भलतेच निरोप पाठवतात. त्या गोंधळालाच आपण मुंग्या म्हणतो. तंतूला इजा झालेली नसते, म्हणून तो गोंधळ लगेच मिटतो.

पण वेष्टणच विरू लागलं, किंवा तंतूच टोकाकडून सुकू लागला तर? मग मांडी न घालताही मुंग्या येतात आणि त्या जात नाहीत.

आधी पायच का?

तंतूला लागणारा बहुतेक माल कमरेजवळच्या त्या पेशीत तयार होतो आणि तंतूमधूनच टोकाकडे धाडला जातो. सगळ्यांत जलद माल दिवसाला साधारण ४० सेंटिमीटर सरकतो. म्हणजे अंगठ्यापर्यंत पोचायला दोन-अडीच दिवस! मंद माल तर दिवसाला काही मिलिमीटरच. पुरवठ्यात कसर पडली, की नळाच्या शेवटच्या घरी आधी पाणी तुटतं, तसं लांबच्या टोकाला आधी कळतं. म्हणून मुंग्या आधी दोन्ही पायांच्या बोटांना, मग मोजा चढवावा तशा वर, आणि पुढे हातांच्या बोटांना येतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रक्तातली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्या जागी नवी येते. मज्जापेशींचं तसं नाही. बहुतेक मज्जापेशी जन्मभर त्याच. हातापायातला तंतू तुटला आणि मूळ पेशी जिवंत असली, तर तो पुन्हा वाढतो, पण दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. मेंदू आणि मज्जारज्जूत तर तेवढंही होत नाही. म्हणूनच इथे उशीर महाग पडतो.

माईंची चप्पल

आमच्या शेजारच्या माई पन्नाशी ओलांडलेल्या. घर शुद्ध शाकाहारी, सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळे उपास. घरात दूध येतं, पण ते नातवंडांना आणि मालकांना. दही लागतं, पण ते लेकाच्या डब्यात. माईंच्या वाट्याला चहातलं चमचाभर दूध आणि शेवटी भांड्याला राहिलेलं ताक. यात त्यांच्यावर कुणी जुलूम करत नव्हतं हं! आपल्या बहुतेक घरांत असंच चालतं.

वर्ष-दीड वर्ष त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या. मग चालता चालता पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तोल जायचा आणि बेसिन धरावं लागायचं. हे सुनेच्या लक्षात आलं आणि तिनेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घोट्यावर कंप पावणारा चिमटा टेकवला. माईंना तो कंप जाणवलाच नाही. रक्त तपासलं, तर बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी.

याचा अर्थ आता तुमच्या ध्यानात येईल. मायलिनचं वेष्टण घडवायला आणि टिकवायला बी-१२ लागतं. ते नसलं, की पायांचे तंतू तर बिघडतातच, पण मज्जारज्जूच्या मागच्या भागातले, "पाय कुठे आहे" हे मेंदूला कळवणारे तंतूही बिघडतात. डोळे उघडे असले, की बघून भागतं. डोळे मिटले किंवा दिवे गेले, की तोल जातो.

माईंना इंजेक्शनं सुरू झाली. चारेक महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, तोल सावरला. पण तळपायांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही. "वर्षभर आधी आला असतात, तर हेही राहिलं नसतं कदाचित," असं डॉक्टर म्हणाले.

रक्त सुधारलं, म्हणजे झालं का?

इथे एक धोक्याची सूचना, आणि तिचा धागा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला, आणि १९३१ साली दाखवून दिलं, की यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. आज गरोदरपणी मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळ्यांत ते लोहाबरोबर असतं. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते, आणि ती नीट मिटायला फॉलिक ॲसिडची मोठी मदत होते. म्हणून ते दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यावं असं सांगतात.

पण १९४० नंतरच्या दशकात डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. बी-१२ कमी असलेल्या काही रोग्यांना नुसतं फॉलिक ॲसिड दिल्यावर रक्त सुधारलं, चेहऱ्यावर लाली आली, पण मज्जातंतूंचा बिघाड थांबला नाही. काहींचा तर वाढला. बी-१२ हे वेगळं द्रव्य १९४८ साली हाती आलं. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ साली उलगडली. १९६४ सालचं नोबेल त्यांना मिळालं.

तेव्हा रक्तवाढीच्या गोळ्या जरूर घ्या, गरोदर असाल तर मुळीच टाळू नका. पण "हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणजे मुंग्या काही विशेष नाहीत," असं समजू नका. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ सालापासून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या संशोधकांनी केला. त्यात निम्म्याहून जास्त बायकांमध्ये बी-१२ कमी आढळलं. अंगावर पाजणाऱ्या आईत ते कमी असेल, तर दुधातूनही बाळाला कमीच मिळतं. आणि मायलिनचं वेष्टण झपाट्याने घडतं ते नेमकं पहिल्या दोन वर्षांत.

आता करायचं काय?

प्रौढ बाईला दिवसाला सुमारे २ ते अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. धान्य, डाळी, भाज्या, फळं यांत ते मिळत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठावरही भिस्त ठेवू नका. मासे, अंडी, मटण खाणाऱ्यांना सहसा प्रश्न येत नाही. शाकाहारी बाईला आधार दूध, दही, ताक आणि पनीर यांचा. एका मोठ्या पेल्याभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं. म्हणजे दिवसाला दोन पेले दूध किंवा तेवढंच दही हवं. चहातल्या दुधाने हे भागत नाही. दूध तासन्‌तास मंद आचेवर उकळत ठेवू नका, त्यातलं काही बी-१२ कमी होतं.

यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो. म्हणून आहारातली तूट लगेच दिसत नाही, आणि दिसते तेव्हा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी नुसत्या दुधाने ती भरून निघत नाही. गोळ्या किंवा इंजेक्शनं लागतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

मुंग्यांची कारणं आणखीही आहेत. सगळ्यांत मोठं मधुमेह, म्हणून साखर तपासून घ्याच. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटात मज्जातंतू दबत असेल. पिळे घालणाऱ्या, लाटणाऱ्या हातांना आणि गरोदरपणी हे बरेचदा होतं. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर लाजून लपवू नका. कुष्ठरोगही मज्जातंतूंनाच गाठतो, तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात ही औषधं मोफत मिळतात. आणि एकाच बाजूचा हात-पाय अचानक लुळा किंवा बधिर पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळू लागलं, तर घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नका. तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

दुकानातून मनाने 'ताकदीच्या' गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेणंही बरं नाही. त्यातलं बी-६ जास्त प्रमाणात, फार दिवस पोटात गेलं, तर त्यानेच मज्जातंतूंना इजा होते.

तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त दिवस दोन्ही पायांना मुंग्या येत असतील, चप्पल निसटल्याचं कळत नसेल, अंधारात तोल जात असेल, तर डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा. "अशक्तपणा वाटतो" एवढंच म्हणून उठून येऊ नका. घरात सासूबाई, आई, मावशी असतील, तर त्यांनाही हे प्रश्न विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.

आणि आज रात्री दही वाढताना एक वाटी स्वतःच्या पानाशीही ठेवा. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर घेऊ, असं म्हणू नका. आधीच ठेवा.